नानांचे दोन लिटर

चष्मेवाल्याच्या दुकानावरून कधीही जा, आतून एकच प्रश्न ऐकू येणार. "पहिलं बरं की दुसरं?" मग काच बदलल्याचा टक् असा आवाज आणि पुन्हा, "आता? पहिलं बरं की दुसरं?" सत्तावीस वर्षं हा माणूस लोकांच्या नाकावर ती जडशीळ गोल चौकट चढवून, तिच्या खाचांत भिंगं घालत-काढत हेच विचारत आलाय. समोरचा सांगतो, हा लिहून घेतो. स्वतःचं मत द्यायची वेळच येत नाही, आणि त्याला ते बरंच वाटतं. कारण मत नावाची चीज त्याच्याकडे मुळात फारशी नव्हतीच कधी.

धंदा मामाने निवडला. दुकानाची जागा मामाच्या मित्राने दाखवली. बायको आईने पाहिली, आणि ती निवड इतकी चांगली निघाली की आपण मध्ये तोंड घातलं नाही तेच बरं झालं, असं तो अजून चारचौघांत सांगतो. त्याचे शर्ट बायको आणते. बाहेर जेवायला गेला की शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवून म्हणतो, "त्यांना दिलंत ना, तेच आणा." असा हा सुखी जीव, एकही निर्णय न घेता पन्नाशी ओलांडून गेला. लोकांना नाही हो जमत असं! आणि मग नव्या घरात राहायला आल्यावर, ध्यानीमनी नसताना, नळाच्या पाण्याने त्याला गाठलं.

घर बदलून चार महिने झाले होते. जुनं घर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एकाने कूस बदलली की दुसऱ्याला जाग यायची. नवं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचं, ऐसपैस. मागची खोली नवरा-बायकोची, तिला लागूनच बाथरूम. पुढची गॅलरीची, सगळ्यांत उजेडाची आणि वाऱ्याची खोली नानांची. नाना म्हणजे चष्मेवाल्याचे वडील. वय एकोणऐंशी. शाळेत कवायत मास्तर होते. कणा अजून ताठ, पायजम्याला कडक इस्त्री, आणि चालताना ओठांतल्या ओठांत डावा-उजवा चालूच. उभ्या शाळेला तीस वर्षं उन्हात उभं केलेला माणूस तो. त्यांच्या तोंडून कधी 'दमलो' असा शब्द कुणी ऐकला नव्हता.

तर या नानांनी नव्या घरी आल्यावर दीडेक महिन्याने पाणी पिणं टाकलं. एकदम नाही. आधी जेवताना पेला तसाच राहायला लागला, मग सकाळचं तांब्याभर पाणी बंद झालं, मग चहा अर्धा. कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. आणि एका सकाळी खुर्चीतून उठताना भोवळ येऊन ते धाडकन खाली बसले. दोन दिवस दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद चष्मेवाल्याच्या पुढे धरला आणि एका आकड्यावर पेन टेकवलं.

"हे मूत्रपिंडाचं. पाण्यावाचून सुकत चाललंय. रोज दोन लिटर पाणी गेलं पाहिजे. दोन म्हणजे दोन. एक महिन्याने परत रक्त तपासू. आकडा उतरला तर देव पावला. नाही उतरला तर मग डायलिसिसच्या मशीनवर घ्यायची भाषा करावी लागेल." मग त्या नानांकडे वळल्या. "आजोबा, पाणी का पीत नाही तुम्ही?"

नाना छताकडे बघत म्हणाले, "मचूळ आहे. नव्या घरचं पाणी मचूळ आहे. घशाखाली उतरत नाही."

झालं. रोग कळला, आता औषध काय ते ठरवायचं. आणि नानांच्या म्हणण्यात खोट काढायला जागाही नव्हती. नव्या घरचं पाणी जडच होतं. नळाच्या तोंडावर पांढरी खरपुडी धरायची, किटलीच्या बुडाशी चुन्यासारखा थर बसायचा, साबण कितीही घासा, फेस म्हणून यायचा नाही. धुतलेले पेले वाळले की त्यांवर ठिपके. चष्मेवाल्याच्या स्वतःच्या चष्म्यावरसुद्धा. त्यामुळे 'पाण्याला काहीतरी मशीन बसवलं की नाना प्यायला लागतील' हे नवरा-बायकोचं पाच मिनिटांत ठरलं. कुठलं मशीन, एवढाच काय तो प्रश्न उरला.

"एवढाच," बायको म्हणाली, "आणि तो तुमच्यावर सोपवलाय. देवा!"

पहिला आला तो टाय लावलेला. टायवाल्याने ओट्यावर बॅग उघडली, पेनासारखं एक यंत्र नळाच्या पाण्यात बुडवलं आणि आकडा दाखवला, चारशे ऐंशी. मग आपल्या बाटलीतल्या पाण्यात बुडवलं, तीस. "हे आरओचं पाणी, साहेब." मग त्याने दोन्ही पेल्यांत सळ्या सोडल्या, वायर जोडली, आणि बघता बघता नळाचं पाणी गढूळ, तांबडंलाल झालं. वर घाणीचा फेस. आरओचं जसंच्या तसं नितळ. "हे तुमचे वडील पितात," टायवाला हळू आवाजात म्हणाला. टायवाल्याने दोन्ही पेले पुढे सरकवले. "आता तुम्हीच सांगा साहेब, हे बरं की ते?"

आयुष्यात पहिल्यांदा चष्मेवाला त्या चौकटीच्या पलीकडच्या बाजूला बसला होता. त्याला घाम फुटला. "दोन दिवसांनी कळवतो," तो म्हणाला.

दुसरे आले ते चांगले वयस्कर, जाडजूड, बोलायला गोड. त्यांच्याकडे सॉफ्टनर होता, टाकीवरच बसवायचा. "पेन बुडवून गेला असेल ना तो?" ते हसून म्हणाले. "अहो, आरओने पाण्यातलं सगळंच जातं. चांगलं पण जातं. मेलेलं पाणी ते. एक पेला द्यायला ते मशीन दोन पेले मोरीत सोडतं. आमचं यंत्र फक्त जडपणा काढतं. अंघोळीला मऊ, कपड्यांना मऊ, नळ चकाचक. तुम्ही फक्त अधूनमधून मिठाची गोण ओतायची."

"मिठाची?" चष्मेवाला दचकला. नानांना रक्तदाब होता, मीठ तोडलेलं होतं.

"अहो, ते मीठ पाण्यात तसंच नाही येत. म्हणजे जरासा सोडियम येतो, पण..."

"पण म्हणजे किती?"

"जरासा," ते म्हणाले. जरासा म्हणजे किती, हे चष्मेवाल्याला त्या माणसाकडून शेवटपर्यंत काढून घेता आलं नाही. ताकास तूर लागू देईल तर शपथ.

दुकानाशेजारी एका नळ-दुरुस्तीवाल्याचं दुकान होतं. चष्मेवाल्याने त्याच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. नळवाला आधी पोटभर हसला. "त्या टायवाल्याच्या सळ्या लोखंडाच्या होत्या रे बाबा! वीज सोडली की लोखंडच गंजून पाण्यात उतरतं. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून वीज वाहते, त्याच्या पाण्यात नसतात म्हणून वाहत नाही. त्याच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून बघ, तेही लाल होईल. घाण कसली आणि काय कसली!"

"म्हणजे आपलं पाणी चांगलं आहे?"

"असं कुठं म्हटलं मी? जड आहे. पण जड म्हणजे काही विष नव्हे. उकळून गाळून दे."

उकळलं. नाना म्हणाले, "मचूळ." माठ आणून त्यात गार केलं. "मचूळ." बाजारातून मोठा सीलबंद जार आणला, नाना एक घोट घेऊन म्हणाले, "याला तर चवच नाही." आता टायवाल्याचं आरओचं पाणी आणि जारचं पाणी एकाच जातीचं, एवढं चष्मेवाल्याला कळत होतं. म्हणजे आरओ बाद? की जारवाला लबाड? की प्लास्टिकचा वास? दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो नंबर लिहायच्या कागदावर मांडणी करत बसायचा. 'उजवा डोळा' लिहिलेल्या खणात आरओचे फायदे, 'डावा डोळा'च्या खणात सॉफ्टनरचे, आणि खाली 'जवळचं' या रकान्यात नुसतं एक प्रश्नचिन्ह. एकदा त्यातलाच कागद चुकून एका बाईंच्या हातात गेला. त्या चष्मा न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "डाव्या डोळ्याला मिठाची गोण कशाला हो?"

विचारत सुटला तो. जो दुकानात येईल त्याला, "तुमच्याकडे पाण्याला काय आहे?" कुणी म्हणालं आरओ, कुणी म्हणालं तो निळ्या दिव्याचा यूव्ही, कुणी म्हणालं काही नाही, आमचे आजोबा नव्वद वर्षं जगले. एक ना धड, भाराभर चिंध्या. यूव्हीने जंतू मरतात पण क्षार तसेच राहतात, आरओने क्षार जातात पण पाणी वाया जातं, सॉफ्टनरने नळ चकचकतो पण नानांचं मीठ वाढतं. घरी येऊन त्याने डोकं दोन्ही हातांत धरलं. "अगं, मला काही म्हणजे काही कळेनासं झालंय."

"तुम्हाला विचारलं हीच चूक झाली," बायको म्हणाली. पण तिचाही आवाज उतरला होता, कारण महिन्यातले अकरा दिवस गेले होते.

बायकोने मग आपला उपाय केला. लिटरच्या दोन बाटल्या घेतल्या, त्यांवर नेलपॉलिशने रेघा ओढल्या, प्रत्येक रेघेपुढे वेळ लिहिली आणि नानांच्या उशाशी ठेवल्या. "नाना, घड्याळाप्रमाणे. तुम्हाला काय शिकवायचं शिस्तीचं!" आणि काय आश्चर्य, पहिल्याच दिवशी संध्याकाळी दोन्ही बाटल्या रिकाम्या. दुसऱ्या दिवशीही. चष्मेवाल्याला हायसं वाटलं, म्हणजे मशीनच नको! तो त्या आनंदात दोन दिवस शीळ घालत हिंडला. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाई तणतणत वर आल्या. "तुमच्या गॅलरीतून ठिबकतंय हो सारखं. माझे वाळत घातलेले कपडे परत भिजताहेत."

गॅलरीतल्या कुंडीत लिंबाचं रोप होतं. कुंडी काठोकाठ भरलेली, बशीतून पाणी वाहतंय, आणि रोपाची पानं पिवळी पडलेली. एवढं पाणी त्या बिचाऱ्याच्या सात पिढ्यांनी पाहिलं नसेल. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने नानांकडे. नाना पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण पान मात्र कालचं होतं.

कवायत मास्तराला 'तुम्ही फसवलंत' म्हणायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. पण चष्मेवाला आता खरोखर घाबरला. बाप डोळ्यांदेखत सुकत चाललाय आणि आपल्याला साधं पाणी निवडता येईना! रविवारी सकाळी त्याने दोन कॅन घेतले, स्कूटर काढली आणि थेट जुन्या घरी गेला. तिथे आता एक तरुण जोडपं राहत होतं. त्यांच्या नळावरून कॅन भरून घेतले, ते दोघं याच्याकडे बघत राहिले ते राहिलेच. येताना वाटेत त्याला वाटलं, आता प्रश्नच नाही. चाळीस वर्षं नाना याच नळाचं प्यायलेत.

"नाना, हे बघा काय आणलंय. जुन्या घरचं पाणी. आपल्या नळाचं!"

नानांनी पेला हातात घेतला. क्षणभर त्यांचा चेहरा मऊ झाला. एक घोट घेतला, आणि पेला खाली ठेवला. "नाही रे. ते पाणी हे नाही. आता तिकडचंही बिघडलं वाटतं."

चष्मेवाल्याने पेला उचलून स्वतः चाखला. हे कसं शक्य आहे? नवं मचूळ, उकळलेलं मचूळ, जारचं बेचव, आणि चाळीस वर्षांचं सवयीचं तेही बिघडलेलं? की नानांच्या जिभेलाच काही झालंय? की त्या मूत्रपिंडामुळे चव जाते? की आपल्यालाच वेड लागायची पाळी आलीय? बायको बाजारात निघाली होती. जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "जेवून घ्या जरा. आल्यावर बघू." ती गेली आणि तो स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिला, समोर तऱ्हेतऱ्हेच्या पाण्यांची आठ भांडी, कुठलं कुठलं तेही आता आठवेना.

आणि तिथे उभ्याउभ्या त्याला एक शंका आली. मनाला न रुचणारी शंका होती ती.

चष्म्याच्या धंद्यात एक गोष्ट कुणी पुस्तकात शिकवत नाही, मामाने शिकवली होती. कधीकधी शाळकरी मूल येतं, फळा दिसत नाही म्हणतं, आणि खरं म्हणजे मित्राला चष्मा लागला म्हणून त्यालाही हवा असतो. किंवा परीक्षेची भीती असते. किंवा घरी काहीतरी चाललेलं असतं. अशा मुलाला काही विचारायचं नाही. नुसती साधी, बिननंबरची काच चौकटीत घालायची, काढायची, तीच परत घालायची आणि विचारायचं, पहिलं बरं की दुसरं? मूल म्हणालं, 'दोन्ही सारखीच', तर डोळ्याचं दुखणं खरं. मूल म्हणालं, 'दुसऱ्याने लख्ख दिसलं', तर डोळ्याला काही झालेलं नाही, दुखणं दुसरीकडे आहे. मामा म्हणायचा, अशा वेळी रागवायचं नाही, मूल खोटारडं नसतं, त्याला सांगता येत नसतं.

चष्मेवाल्याने नळ सोडला. एका भांड्यात पाणी घेतलं आणि त्याच भांड्यातून दोन पेले भरले. बापाची परीक्षा घ्यायची म्हणजे काय! पेले घेऊन तो पुढच्या खोलीत गेला. नाना खाटेवर ताठ बसले होते, दुपारचं ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं.

"नाना, शेवटचं. दोन नवीन आणलीत. पहिलं बरं की दुसरं?"

नानांनी पहिल्यातला घोट घेतला. मग दुसऱ्यातला. तोंडात घोळवला, विचार केला. "पहिलं जरा बरं आहे. दुसरं म्हणजे अगदीच मचूळ."

चष्मेवाल्याच्या काळजात चर्र झालं. दुकानात असं झालं की तो मुलाच्या आईला बाहेर बोलावून हळूच सांगायचा. इथे कुणाला बोलावणार? त्याने स्टूल ओढलं आणि नानांच्या समोर बसला, गुडघ्याला गुडघा लागेल असा, दुकानात बसतो तसा.

"नाना, दोन्ही एकाच भांड्यातलं आहे."

नानांची मान आणखी ताठ झाली. त्यांनी तोंड गॅलरीकडे फिरवलं. चष्मेवाल्याला वाटलं, आता उठून कानाखाली देतील. लहानपणी दिली असती.

"मी रागावलो नाही," चष्मेवाला म्हणाला. "नाना, मला काही कळत नाहीये हो. पाण्याचं नाही तर मग कशाचं आहे? डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलंत. दोन आठवडे राहिलेत. मी काय करू ते तरी सांगा."

"एकवीस पावलं आहेत," नाना म्हणाले.

"कसली?"

"इथून बाथरूमपर्यंत. खाटेपासून एकवीस. पॅसेज, मग तुमचं जेवणाचं टेबल, मग तो कोपरा. जुन्या घरी तीन होती." ते थांबले. मग शाळेत हजेरी घ्यावी तशा सपाट आवाजात सांगायला लागले. "एका दुपारी तू दुकानात होतास. मी वेळेवर उठलो होतो. चालत होतो नीट. अठराव्या पावलाला..." पुढचं त्यांना म्हणवेना. त्यांनी पायजम्याची इस्त्री बोटांनी उगाचच सारखी केली. "टेबलाजवळ. भर दुपारी. सूनबाई समोर भाजी निवडत बसली होती."

चष्मेवाल्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना.

"तिने काही म्हटलं नाही. मला खुर्ची दिली. फरशी पुसली, धुतलेला पायजमा आणून दिला आणि पाठ करून उभी राहिली. मग म्हणाली, नाना, चहा टाकते. मी चहासुद्धा नको म्हटलं. त्याच दिवशी ठरवलं, आत कमी गेलं की बाहेर कमी. हिशोब सोपा आहे. पोरांना मैदानावर रांगेत दोन-दोन तास रोखून धरणारा माणूस मी..." त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "तुला तिने सांगितलंच असेल म्हणा."

"नाही," चष्मेवाला म्हणाला. "कधीच नाही. एक अक्षर नाही."

नानांनी पहिल्यांदा त्याच्याकडे वळून पाहिलं.

आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण लोकांनी काय उगाच केली असेल? दोन आठवडे हा शहाणा आकडे मोजत बसला, स्कूटरवरून कॅन वाहत बसला, आणि बापाला नुसतं 'नाना, काय झालंय' एवढं विचारायचं सुचलं नाही! आणि ही खोली. सगळ्यांत हवेशीर, सगळ्यांत लांबची. केवढ्या प्रेमाने दिली होती. चष्मेवाल्याला स्वतःचीच इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याने नानांपासून लपवलंही नाही. मग तो उठला.

"उठा नाना. आजपासून तुम्ही मागच्या खोलीत."

"वेडा आहेस का? ती तुमची खोली आहे."

"होती."

"अरे, सूनबाईला विचार तरी आधी."

"नाही विचारत," चष्मेवाला म्हणाला, आणि आपल्या तोंडून हे काय निघालं म्हणून क्षणभर स्वतःच चपापला. पण तोवर त्याने नानांची गादी गुंडाळायला घेतली होती.

पुढचा पाऊण तास त्या घरात जे काही चाललं त्याला कवायत म्हणायचं की कुस्ती, देव जाणे. मोठा पलंग दारातून आडवा जाईना आणि उभाही जाईना. कपाट पॅसेजमध्ये अडकलं. नाना काठी टेकून मागच्या खोलीच्या दारात उभे राहून आज्ञा देत होते, "डावीकडे! अरे, तुझी डावी नव्हे, कपाटाची डावी!" शेवटी नानांची खाट आत, बाथरूमच्या दाराजवळ लागली. नाना तिच्यावर बसले, उठले आणि चालून पाहिलं. ओठ हलत होते. "चार," ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा चालून पाहिलं.

तेवढ्यात कुलूप वाजलं. बायको पिशव्या घेऊन आत आली आणि जागच्या जागी थांबली. तिचा पलंग पॅसेजमध्ये उभा होता, त्याला नवरा टेकला होता, घामाने चिंब, कपाळाला धूळ. तिने त्याच्याकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं, मग आतल्या खोलीकडे. चष्मेवाल्याने बोलायला तोंड उघडलं. पण त्याच्याआधी नानाच दाराशी आले.

"सूनबाई," ते म्हणाले, "त्या दिवसाचं तू याला काहीच बोलली नव्हतीस?"

बायकोची नजर नानांच्या मागे गेली, खाटेवर, खाटेशेजारच्या बाथरूमच्या दारावर. तिला अडीच महिन्यांनी सगळं एकदम कळलं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तिने पिशव्या खाली ठेवल्या, पदराने हात पुसले, आणि अगदी रोजच्या आवाजात विचारलं,

"कुठल्या दिवसाचं, नाना?"

नाना तिच्याकडे बघत राहिले. मान ताठ होती, पण हनुवटी हलत होती. त्यांनी दाराची चौकट धरली.

"काही नाही," ते म्हणाले. "पाणी दे गं जरा. पेला भरून दे."